दुकानातलं काडतूस

मर्ना : बशीकडे नुसता बघू नकोस, डेल्बर्ट. उचल ती. हातात घे आणि मग सांग मला, की ही गोळी तू कधी पाहिली नाहीस.

डेल्बर्ट : पाहिली नाही असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, कॉफी छान झालीय.

मर्ना : कॉफी रोजच्यासारखीच झालीय. आज सकाळी मेंढ्याचा डावा फरा सोलत होते, तर कातड्याच्या आतल्या बाजूला चिकटून ही बसलेली. अळंब्यासारखी फुललेली. नखानं ओरखडा काढून बघ, उठतो. शिसं आहे. आणि माझा नवरा गेली बारा वर्षं शिशाच्या गोळीला शिवलेला नाही. त्याची गोळी सबंध तांब्याची असते.

डेल्बर्ट : तांबंही काळं पडतं कधीकधी.

मर्ना : काळं पडतं, मऊ पडत नाही. मला शिकवू नकोस. अडतीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाशी. इतर बायकांचे नवरे दारू पितात, माझा मोजतो. चिमट्यानं. एकेक कण.

डेल्बर्ट : खाली ठोकाठोक कसली चाललीय?

मर्ना : तेच तर. परवा डोंगरावरून उतरल्यापासून तळघरात बसून ठोकतोय. विचारलं तर म्हणतो, रायफल साफ करतोय. रायफल साफ करायला हातोडा कशाला लागतो, ते तूच सांग. तू होतास ना बरोबर?

डेल्बर्ट : होतो.

मर्ना : मग?

डेल्बर्ट : मी शब्द दिलाय, मर्ना.

मर्ना : म्हणजे काहीतरी आहे.

डेल्बर्ट : शब्द दिलाय, एवढंच सांगितलं मी.

मर्ना : बरं, तू गप्प बस. मीच सांगते तुला, मला काय सांगण्यात आलंय ते. चौथ्या दिवशी सकाळी मेंढा दिसला. दोनशे दहा यार्ड. वारा उजवीकडून. ओरेन दगडावर पिशवी ठेवून तिच्यावर रेलला, श्वास अर्धा सोडला, आणि गोळी जिथं जायला सांगितली होती तिथं गेली. एकच. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, 'मर्ना, सहा महिन्यांचं चीज झालं.' अडतीस वर्षांत इतका वेळ हात धरला नव्हता त्यानं. तिथंच मला संशय आला.

डेल्बर्ट : यार्ड बरोबर आहेत.

मर्ना : वारा?

डेल्बर्ट : वाराही बरोबर आहे.

मर्ना : आणि गोळी?

डेल्बर्ट : केक आहे का थोडा?

मर्ना : आहे, पण तो उत्तर देणाऱ्यासाठी आहे. अरे, एकोणतीस वर्षं अर्ज करत होता तो. दर वर्षी सोडत निघायची आणि नाव भलत्याचंच यायचं. मार्चमध्ये पत्र आलं, डोंगरी मेंढ्याचा परवाना मिळाला म्हणून. आयुष्यात एकदा मिळायची गोष्ट. हा टपालपेटीपाशी बर्फात उभा राहून रडला. आणि त्याच दुपारी जो तळघरात उतरला, तो थेट सप्टेंबरात वर आला. पाच काडतुसं भरायची, अकरा मैलांवर मैदानात जाऊन झाडायची, कागदावरची भोकं मोजायची, तोंड पाडून परत यायचं. मग दारू एका कणानं वाढवायची, पुन्हा पाच. तराजू हलतो म्हणून मी वरच्या मजल्यावर चालायचं नाही. माझ्या घरात मी मोजे घालून चोरासारखी फिरत होते. माझ्या बहिणीच्या साठीला आला नाही. का? तर त्या दिवशी वारा पडला होता.

डेल्बर्ट : आपल्याकडे वारा पडत नाही सहसा. त्याचं खरं आहे.

मर्ना : तू त्याची बाजू घेऊ नकोस. ऑगस्टमध्ये एकदाचं जमलं. पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक, शर्टाच्या बटणाखाली झाकलं जाईल एवढं. तो कागद त्यानं फ्रिजवर लावला. नातवंडांचे फोटो काढून तिथं. आता मला सांग, इतकं बटणाएवढं भोक पाडणारा माणूस डोंगरावर जाऊन शिशाची गोळी कुठून झाडून आला?

डेल्बर्ट : मी सांगणार नाही. पण तू विचार. मी नाही म्हटलं नाही, तर काय ते समज.

मर्ना : ती तुझी गोळी आहे?

डेल्बर्ट : ...

मर्ना : तुझ्या रायफलीतून?

डेल्बर्ट : ...

मर्ना : झाडली कुणी? तू?

डेल्बर्ट : नाही. ते मात्र नाही. झाडली त्यानंच. परवाना त्याचा, मेंढा त्याचा, त्यात काही खोट नाही. हे नीट समज, नाहीतर गावात भलतंच पसरायचं.

मर्ना : मग त्याची स्वतःची रायफल काय झोपली होती?

डेल्बर्ट : तिचा घसा बसला होता.

मर्ना : हा घे केक. आता सरळ बोल.

डेल्बर्ट : मला फार सांगता येत नाही. कुंपणं घालणारा माणूस मी. बरं. मेंढे तीन होते, पलीकडच्या कड्यावर बसलेले. आमच्याकडून नीट नेम लागत नव्हता. मध्ये दगडांची घसरण होती, ती ओलांडून जायचं होतं. मी म्हटलं, ओरेन, घसरणीवर पाय टाकायच्या आधी रायफल रिकामी कर. भरलेल्या रायफलीच्या पुढे मी चालत नाही. त्यालाही पटलं. काडतूस बाहेर काढायला त्यानं बोल्ट मागे ओढला. पितळी पुंगळी बाहेर आली. गोळी आली नाही.

मर्ना : आली नाही म्हणजे?

डेल्बर्ट : नळीतच राहिली. तुझ्या नवऱ्यानं गोळी पुंगळीतून इतकी पुढे काढून बसवली होती की ती नळीतल्या आट्यांत जाऊन घट्ट रुतायची. त्यानं म्हणे नेम सुधारतो. सुधारत असेल. मैदानात भरलेलं प्रत्येक काडतूस तो झाडत होता, न झाडता परत कधी काढलंच नव्हतं. डोंगरावर पहिल्यांदा काढलं. गोळी तिथंच अडकली आणि पुंगळीतली सगळी दारू सांडली. बोल्टखाली, चापात, त्याच्या बाहीत. मोहरी सांडावी तशी.

मर्ना : जी चिमट्यानं भरली होती ती.

डेल्बर्ट : तीच. त्यानं पुंगळीत डोळा घालून बघितलं. मग नळीत बघितलं. म्हणाला, 'शून्य पूर्णांक शून्य शून्य पाच.' मला वाटलं, प्रार्थना म्हणतोय. गोळी तेवढे इंच जास्त पुढे बसली होती म्हणे.

मर्ना : थांब जरा. मला हसू दे.

डेल्बर्ट : हस. मी हसलो नाही तिथं. नळीत घालायची लांब सळई पिकअपमध्ये राहिली होती, नऊ मैल खाली. त्यानं विलोची एक फांदी तासली, सरळ केली, आणि नळीत घालून ठोकली. तीही आत मोडली.

मर्ना : म्हणून हातोडा.

डेल्बर्ट : म्हणून. मी माझी रायफल पुढे केली. बापाची आहे, दस्त्याला पट्टी गुंडाळलेली. शर्टाच्या खिशात तीन काडतुसं होती, दोन जरा हिरवी पडलेली. तुला माहीत आहे मी कुठून घेतो.

मर्ना : खिळे आणि मांजराचं खाणं मिळतं त्या दुकानातून. मला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. बारा वर्षं ओरेन सांगत आलाय ना सगळ्यांना. डेल्बर्टचं काडतूस म्हणजे आवाज पक्का, बाकी देवाच्या हवाली. नेमबाजांच्या क्लबात सगळे हसतात त्यावर.

डेल्बर्ट : हो. ऐकलंय. तर त्यानं ती रायफल घेतली नाही. खाली बसला. म्हणाला, 'त्यापेक्षा मेंढा जगू दे.' मी म्हटलं, बरं. डबा उघडला आणि सँडविच खायला लागलो. मेंढे बसलेलेच होते. थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

मर्ना : न बघता. पडला तरी नाक वर.

डेल्बर्ट : विचारलं त्यानं, 'ही कशी झाडते?' मी म्हटलं, पुढच्या बाजूनं. मग म्हणाला, 'गोळीचं वजन किती?' मी म्हटलं, ते डब्यावर लिहिलेलं होतं, डबा मी टाकला. मग काही विचारलं नाही. घसरण ओलांडली, रेलला, झाडली. मेंढा उभा राहिला आणि तसाच कलंडला. एक पाऊलही टाकलं नाही.

मर्ना : आणि हा?

डेल्बर्ट : जाऊन बसला त्याच्याशेजारी. शिंगावर हात ठेवून. बराच वेळ. मग माझी रिकामी पुंगळी खिशातून काढून दरीत भिरकावली, आणि म्हणाला, 'मर्नाला नको सांगूस. कुणालाच नको.' मी म्हटलं, बरं.

मर्ना : बरं म्हणालास. तुला काही वाटलं नाही?

डेल्बर्ट : पुंगळी टाकली तेव्हा वाटलं. तरी शब्द दिला.

मर्ना : आणि गुरुवारी हा क्लबात उभा राहणार आहे, माहीत आहे ना? गुरांचं खाद्य विकणाऱ्या दाणेवाल्याच्या दारावर कागद लागलाय. 'अचूक काडतूस कसं घडतं.' खाली मेंढ्याचं चित्र. चित्र त्यानंच काढलंय, कुत्र्यासारखं दिसतं.

डेल्बर्ट : ठोकणं थांबलं.

मर्ना : येतोय वर. तू केक खा. एक शब्द बोलू नकोस.

(मर्ना बशीवर नॅपकिन टाकते. ओरेन तळघरातून वर येतो. हाताला तेल, बाहीवर लाकडाचा भुसा.)

ओरेन : अरे, डेल्बर्ट. कधी आलास?

डेल्बर्ट : आत्ताच.

मर्ना : मी बोलावलं. म्हटलं, मेंढ्याची गोष्ट साक्षीदारासमोर पुन्हा ऐकावी. मला ते नीट कळलं नव्हतं, दारूचं आणि त्या आट्यांचं. गुरुवारी काय सांगणार आहेस, ते आम्हाला म्हणून दाखव ना. तेवढीच तालीम.

ओरेन : आत्ता? हात धुतो मी आधी.

मर्ना : हात नंतर धू. तुझ्या काडतुसानं मेंढा पडला, तिथून सुरू कर.

ओरेन : त्यात काय सांगायचं. तयारी असली की डोंगरावर करायला काही उरत नाही. तळघरात जे कष्ट केलेले असतात, तेच तिथं फळतात. दारूचा कण सारखा, पुंगळी सारखी, गोळी सारखी बसलेली. पाचशे काडतुसं झाडून मी एक निवडलं. डेल्बर्टनं बघितलंय. हो ना?

डेल्बर्ट : मी सँडविच खात होतो.

ओरेन : घ्या. मी गुरुवारी तिथं हेच सांगणार आहे. दोन प्रकारची माणसं असतात. एक काडतूस घडवतात, दुसरी सँडविच खातात. याच्या खिशातलं ते हिरवं काडतूस त्या दिवशी झाडलं असतं ना, तर मेंढा हसून हसून कड्यावरून पडला असता.

मर्ना : कसलं काडतूस, ओरेन?

ओरेन : त्याची ती. दुकानातली.

मर्ना : उचल तो नॅपकिन.

ओरेन : काय आहे?

मर्ना : उचल.

ओरेन : ...कुठे होती?

मर्ना : डाव्या फऱ्यात. कातड्याखाली.

ओरेन : डेल्बर्ट. तू मला शब्द दिला होतास.

मर्ना : त्यानं पाळला. मेंढ्यानं दिला नव्हता. बस खाली. आणि मला सांग, मघाशी तो समोर बसलेला असताना, त्याच्याच गोळीनं पाडलेला मेंढा माझ्या ओट्यावर असताना, हे बोलायला तुझी जीभ कशी रेटली? मी बावीस वर्षं शाळेची बस चालवली. मागच्या सीटवरची वाह्यात पोरंसुद्धा ज्याचा डबा खाल्ला त्याला त्याच दिवशी हसत नाहीत.

ओरेन : सवयीनं बोलून गेलो.

डेल्बर्ट : जाऊ दे, मर्ना.

मर्ना : जाऊ देणार नाही. बारा वर्षं जाऊच देतोयस तू.

ओरेन : तुला ती हरणी आठवते, मर्ना? एल्कची मादी. दोन हजार नऊ.

मर्ना : तीन दिवस घरी आला नव्हतास.

ओरेन : गोळी मागे लागली होती. पोटात. तीन दिवस रक्ताच्या मागावर होतो. तिसऱ्या दिवशी कावळे दिसले, तेव्हा कळलं कुठे असेल. तेव्हा माझी काडतुसं त्याच दुकानातली होती. मी ठरवलं, दोष काडतुसाचा. ठरवायलाच लागलं. नाहीतर मग दोष कुणाचा, ते बघावं लागलं असतं.

मर्ना : हे तू मला सांगितलं नव्हतंस.

ओरेन : पुढच्या आठवड्यात तराजू घेऊन आलो आणि खाली जाऊन बसलो. परवाना आला तेव्हा आनंद झाला, तशी भीतीही वाटली. म्हटलं, ही एकच गोळी आहे आयुष्यातली, ही तरी चुकता कामा नये. सहा महिने तेवढंच एक पक्कं करत होतो. आणि ऐन वेळी हातात काय, तर पट्टी गुंडाळलेली, न मोजलेली... आणि मेंढा पडला. एका गोळीत. त्याच्याजवळ बसलो तेव्हा मला कळेना, मी आनंदात आहे की मला कुणी थोबाडीत मारलीय.

डेल्बर्ट : ओरेन, एक सांगायचं राहिलंय.

ओरेन : आता काय?

डेल्बर्ट : माझी रायफल दोनशे यार्डांवर उजवीकडे मारते. चार बोटं.

ओरेन : काय म्हणालास?

डेल्बर्ट : चार बोटं. बापाच्या वेळेपासून.

ओरेन : आणि तू मला सांगितलं नाहीस? अरे, चार बोटं म्हणजे... फुप्फुस सोडून मागे लागली असती. पुन्हा तेच झालं असतं. तू मला तशी रायफल दिलीस?

डेल्बर्ट : सांगितलं असतं तर तू कागद-पेन्सिल काढली असतीस. वारा उजवीकडून होता. तेवढा वारा त्या गोळीला चार बोटं डावीकडे ढकलतो. पण पहिल्यांदा तुला दिली तेव्हा वारा नुसता झुळझुळत होता. तू नाही म्हणालास, ते बरंच झालं. मग मी सँडविच खात बसलो. पलीकडचं गवत बघत होतो. वाऱ्यानं जोर धरला तेव्हा डबा बंद केला. तूही तेव्हाच हात पुढे केलास. नसता केलास, तर मी पुन्हा दिली असती.

ओरेन : आणि वारा पडला असता तर?

डेल्बर्ट : तर तुझ्या खांद्यावर हात ठेवला असता. मी मागेच उभा होतो.

मर्ना : हे तू मला मघाशी नाही सांगितलंस.

डेल्बर्ट : तू विचारलं नाहीस.

ओरेन : तीस वर्षं तू ही चार बोटं मनात धरून झाडतोस?

डेल्बर्ट : सवय झालीय. जास्त विचार केला की चुकतं.

ओरेन : मला वाटायचं, तुला काही फरकच कळत नाही.

डेल्बर्ट : ते तू सांगायचास सगळ्यांना. मी कधी म्हणालो नव्हतो.

मर्ना : ऐकलंस? आता हात धुवून ये, आणि येताना दाणेवाल्याला फोन कर, म्हणावं तो कागद काढ दारावरून.

ओरेन : करतो. क्लबातही कळवतो. म्हणतो, तब्येत बरी नाही.

डेल्बर्ट : रद्द कशाला करायचं?

ओरेन : मग काय सांगू तिथं?

डेल्बर्ट : गोळी कशी अडकली ते. तुझं बघून आणखी दोघंतिघं तशीच पुढे काढून बसवतायत. परवा खाणीवरचा तो लुंडग्रेन सांगत होता, बटणाएवढं भोक पडलं म्हणून. पुढच्या महिन्यात तोही डोंगरावर जाईल. कुणीतरी सांगायला हवं ना त्याला.

ओरेन : हसतील सगळे.

मर्ना : हसतीलच. मी हसलेच की मघाशी, पोट धरून. फांदी मोडली तिथं तर फार. त्यानं काही तू मेला नाहीस.

ओरेन : आणि मेंढा कशानं पडला म्हणून विचारलं तर?

मर्ना : तर ती बशी घेऊन मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. तुला सांगायला जड गेलं, तर मी सांगेन. पण माझ्या तोंडून ऐकणं तुला परवडणार नाही.

ओरेन : नको. मीच सांगतो. सगळं. पुंगळी टाकली तेही.

डेल्बर्ट : ते नाही सांगितलंस तरी चालेल.

ओरेन : नाही. ते सांगणार. डेल्बर्ट, तू येशील?

डेल्बर्ट : मी सभासद नाही.

ओरेन : माझ्याबरोबर ये. वाऱ्याचं मला नीट सांगता यायचं नाही. गवत कसं बघायचं, ते तूच सांग त्यांना.

डेल्बर्ट : तीस वर्षांत कधी बोलावलं नाहीस.

ओरेन : नाही बोलावलं.

डेल्बर्ट : ...कॉलरचा शर्ट लागतो का तिथं?